वाचकांचे प्रश्न : कोणता कागद, कोणती कचेरी?

या खेपेच्या बहुतेक पत्रांत एकच दुखणे आहे. पंचायतीत गेलो तर मामलेदाराकडे जा म्हणतात, मामलेदाराच्या कचेरीतून सर्व्हे खात्यात पाठवतात, आणि तिथे कळते की कागद सब-रजिस्ट्रारचा होता. रोजंदारी बुडवून म्हापसा किंवा केपे गाठणाऱ्या माणसाला प्रत्येक फेरी महाग पडते. गोव्यात एकाच गावावर वेगवेगळ्या खात्यांच्या हद्दी पडलेल्या असतात आणि त्या एकमेकींशी जुळत नाहीत, हे या गोंधळाचे मूळ आहे. ते डोळ्यांपुढे ठेवूनच खालची उत्तरे दिली आहेत.

आमची पंचायत बेतकी-खांडोळा. संकेतस्थळावर एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा काढायला गेलो तर या नावाचे गावच यादीत नाही. आमची जमीन नोंदलेली नाही असे समजायचे का? (फोंडा तालुका)

नाही, जमीन नोंदलेली आहे. तुम्ही पंचायतीचे नाव शोधत आहात, आणि उतारा महसुली गावाच्या नावाने निघतो. बेतकी आणि खांडोळा ही दोन वेगळी महसुली गावे एका पंचायतीत आहेत. उसगाव-गांजे, बेतोडा-निरंकाल यांचेही तसेच. सर्व्हे क्रमांक प्रत्येक महसुली गावात १ पासून सुरू होतात, त्यामुळे बेतकीत ४५ क्रमांक असेल तसा खांडोळ्यातही असू शकतो. गाव चुकले तर दुसऱ्याच माणसाचा उतारा हाती येतो आणि तोच अर्जाला जोडला जातो. असे घडते, आणि ते महिन्या-दोन महिन्यांनी लक्षात येते. म्हणून तालुका, महसुली गाव, सर्व्हे क्रमांक आणि पोटविभाग या चार गोष्टी आधी कागदावर लिहून घ्या. ४५/३ म्हणजे पंचेचाळिसाचा तिसरा पोटविभाग. ४५/० म्हणजे पोटविभाग पडलेलेच नाहीत.

जमीन शहराच्या सिटी सर्व्हेत येत असेल तर एक-चौदा मिळणार नाही. तिथे फॉर्म डी असतो आणि शोध घ्यायचा तो चलता क्रमांक (शहरातल्या भूखंडाचा क्रमांक) आणि पी. टी. शीट (मोजणीच्या नकाशाचे पान) क्रमांकावरून.

घरात पोर्तुगीज काळातला कागद असेल तर त्यावर सर्व्हे क्रमांक सापडणार नाही. जमिनीची मोजणी होऊन एक-चौदा तयार झाले ते गोवा मुक्तीनंतर. जुन्या दस्तात लँड रजिस्ट्रेशनचा वर्णन क्रमांक, मात्रीजचा (पोर्तुगीज काळातल्या कर-नोंदवहीचा) क्रमांक, मिळकतीचे नाव आणि चतुःसीमा एवढेच असते. हे क्रमांक आणि आजचा सर्व्हे क्रमांक यांची आपोआप सांगड घालणारी नोंदवही नाही. चतुःसीमा, शेजाऱ्यांची नावे आणि सर्व्हेचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून ती सांगड घालावी लागते. हे काम जमिनीचा सर्वेक्षक किंवा जुने दस्त वाचणारा वकील करतो. एका जुन्या मिळकतीचे पाच-सहा सर्व्हे क्रमांक झालेले असणे नेहमीचे आहे. एकच क्रमांक सापडल्यावर शोध थांबवू नका.

धारबांदोड्याच्या वाचकांसाठी: तुमचा तालुका सांग्यातून वेगळा झालेला असल्याने जुन्या दस्तावर सांगे असेच लिहिलेले असते. ती चूक नव्हे. गाव आणि सर्व्हे क्रमांक जुळले की पुरे.

वडील वारून नऊ वर्षे झाली. एक-चौदावर अजून त्यांचेच नाव आहे. पंचायतीने घरपट्टी माझ्या नावे करून दिली, पण जमीन नावावर करण्यासाठी तलाठी 'वारसाचा कागद आणा' म्हणतो. दोन बहिणी लग्न होऊन गेल्या आहेत. नेमके कुठून सुरू करू? (डिचोली)

तलाठी बरोबर सांगतो. घरपट्टीच्या पावतीवरून कर कोण भरतो एवढेच कळते, मालकी कोणाची ते कळत नाही. पंचायतीला जमिनीच्या नोंदीत काही बदलता येत नाही, त्यामुळे ती पावती घेऊन मामलेदाराकडे जाण्यात अर्थ नाही.

काम दोन टप्प्यांत होते आणि दोन्ही टप्पे दोन वेगळ्या खात्यांत. आधी तुमच्या तालुक्याचे सिव्हिल रजिस्ट्रार तथा सब-रजिस्ट्रार यांचे कार्यालय. हे जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली येत नाही, नोंदणी खात्याचे आहे. तिथले अधिकारी खास नोटरी म्हणून वारसा दस्त करतात. जुनी माणसे त्याला हाबिलितासांव म्हणतात. २०१२ चा गोव्याचा वारसा, खास नोटरी आणि इन्व्हेंटरी कायदा यालाच लागू आहे. दस्तासाठी मृत्यूचा दाखला, आईवडिलांच्या लग्नाची नोंद, सगळ्या मुलांचे जन्मदाखले, ज्यांची लग्ने झाली त्यांच्या लग्नाच्या नोंदी आणि वारस नसलेले पण कुटुंबाची खरी माहिती असलेले साक्षीदार लागतात. कोणाचे नाव गळले तर दस्त पुढे रद्द होऊ शकतो. बहिणींची नावे 'त्या आता दुसऱ्या घरच्या' म्हणून वगळणे हा गुन्ह्याच्या जवळ जाणारा प्रकार आहे आणि तो अजूनही होतो, हे खेदाने लिहावे लागते. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखा, लग्नाने तो कमी होत नाही.

तुमची आई हयात असेल तर ती नुसती वारस नव्हे. लग्नाच्या वेळी वेगळा करार झालेला नसेल तर नवराबायकोची मिळकत सामाईक धरली जाते, म्हणजे अर्धा हिस्सा पहिल्यापासूनच आईचा. वडिलांच्या मागे राहतो तो उरलेला अर्धा, आणि तोच मुलांत वाटला जातो. याच कारणाने पुढे जमीन विकताना किंवा हक्क सोडताना बहिणीबरोबर तिच्या नवऱ्याचीही सही लागते आणि तुमच्याबरोबर तुमच्या पत्नीची. बहीण राजीखुशीने हक्क सोडत असेल तर त्याचा वेगळा दस्त त्याच खास नोटरीपुढे होतो. स्टॅम्प पेपरवर घरी लिहून घेतलेल्या कागदाला मामलेदाराकडे किंमत नाही.

वारसा दस्त वारस कोण आहेत तेवढेच ठरवतो. कोणाला कोणता तुकडा, हे त्यात नसते. भावंडांत एकमत असेल तर वाटणीचा दस्त करून तो नोंदवा. एकमत नसेल तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी दाखल करावी लागते, आणि तिथे वारस कोण आणि वाटण्या कशा हे दोन्ही ठरते. इन्व्हेंटरीचा निवाडा झालेला असेल तर वारसा दस्त वेगळा करायचे कारण राहत नाही.

दुसरा टप्पा म्युटेशनचा, म्हणजे नोंदीतल्या फेरफाराचा. जमीन एक-चौदाच्या क्षेत्रात असेल तर अर्ज तालुक्याच्या मामलेदाराकडे. सिटी सर्व्हेत असेल तर सर्व्हे खात्याच्या निरीक्षकाकडे. हा फरक न कळल्याने साखळी, डिचोलीसारख्या शहरांच्या कडेला राहणाऱ्यांची एक फेरी हमखास वाया जाते. अर्जाला ताजा एक-चौदा, वारसा दस्ताची प्रमाणित प्रत, मृत्यूचा दाखला आणि उताऱ्यावर नाव असलेल्या तसेच हितसंबंध असलेल्या सगळ्यांचे पूर्ण पत्ते जोडायचे. फाईल रखडते ती बहुधा या पत्त्यांपायी. प्रत्येकाला नोटीस जाते. चुलतभाऊ कुवेतला, आत्या मुंबईला, आणि पत्ता लिहिलेला गावचा. नोटीस परत येते आणि प्रकरण पुढच्या तारखेला जाते. जी माणसे वारली आहेत त्यांच्या वारसांचे पत्ते आधीच मिळवा. जे बाहेर आहेत त्यांच्याकडून ना-हरकतीचे शपथपत्र किंवा कुलमुखत्यारपत्र मागवून जोडा.

हरकत आली तर प्रकरण वादग्रस्त नोंदींच्या वहीत जाते आणि मामलेदार दोन्ही बाजू ऐकून निर्णय देतो. त्याविरुद्ध अपील उपजिल्हाधिकाऱ्यांकडे करता येते. अपिलाची मुदत चुकू नये म्हणून आदेश झाला त्याच आठवड्यात प्रमाणित प्रतीसाठी अर्ज टाका.

नावांचे स्पेलिंग हा गोव्यातला खास अडथळा आहे. एक-चौदा रोमन लिपीत आहे आणि वडिलांचे नाव जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाने, शाळेत इंग्रजी वळणाने, मतदार यादीत आणखी तिसऱ्याच तऱ्हेने लिहिलेले असते. परबाचा पोरोबो आणि शेणैचा सिनाय झालेला असतो. दोन्ही नावांचा माणूस एकच आहे याचा पुरावा सुरुवातीलाच जोडा. वारसा दस्तातच 'ऊर्फ' म्हणून दोन्ही रूपे लिहून घेतली तर पुढचा सगळा त्रास वाचतो.

कायद्याप्रमाणे वारसाहक्काने जमीन मिळाली की ३ महिन्यांच्या आत कळवायचे असते. नऊ वर्षे झाली म्हणून हक्क गेलेला नाही, पण आणखी थांबू नका. एक पिढी पुढे गेली की वारसांची यादी चारावरून वीसवर जाते.

उतारा नव्या नावाने आला की तो उभा-आडवा वाचून पाहा. भात, बागायत, जिरायत, खाजन, केर, मोरड या जमीनप्रकारांच्या रकान्यांतले क्षेत्र जुन्या उताऱ्याशी जुळते का, कुळाच्या रकान्यात कोणाचे नाव आहे का, इतर हक्कांत काय लिहिले आहे. कुळाचे नाव तिथे असेल तर ते म्युटेशनने निघत नाही, तो कूळ कायद्याचा वेगळा विषय आहे.

सावंतवाडीहून लग्न होऊन पेडण्यात आले. माहेरी शाळेची, दवाखान्याची तक्रार जिल्हा परिषदेच्या सदस्याकडे किंवा पंचायत समितीच्या सभापतींकडे नेत असू. इथे पंचायत समिती कुठे आहे तेच सापडत नाही. (पेडणे)

इथे पंचायत समिती नाही. २० लाखांहून कमी लोकसंख्येच्या राज्याने मधला स्तर ठेवलाच पाहिजे असे राज्यघटना सांगत नाही, आणि २०११ च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ भरली. गोवा पंचायत राज कायदा १९९४ चा. त्यात खाली ग्रामपंचायत आणि वर थेट जिल्हा पंचायत. गटविकास अधिकारी मात्र आहे. तो पंचायत संचालनालयाचा माणूस, ग्रामपंचायतींच्या कारभारावर देखरेख ठेवणारा.

महाराष्ट्रातली जिल्हा परिषद मनात ठेवून इथल्या जिल्हा पंचायतीकडे गेलात तर निराशा होईल. २०२० च्या निवडणुकीत उत्तर आणि दक्षिण मिळून ५० मतदारसंघ होते, अध्यक्ष आहेत, मुख्य कार्यकारी अधिकारी आहेत, पण शाळा आणि दवाखाने त्यांच्या ताब्यात नाहीत. सरकारी प्राथमिक शाळेची तक्रार तालुक्याच्या भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे, आरोग्य केंद्राची आरोग्य अधिकाऱ्यांकडे आणि पुढे आरोग्य संचालनालयाकडे, विजेची वीज खात्याच्या उपविभागाकडे. ही सगळी राज्य सरकारची खाती आहेत. गावातले लहान रस्ते, गटारे, संरक्षक भिंती अशा कामांसाठी जिल्हा पंचायत सदस्याचा उपयोग होतो, कारण त्याला त्याच्या मतदारसंघासाठी निधी मिळतो. राज्य लहान असल्याने सत्ता पणजीतच राहिली आणि ७३ व्या घटनादुरुस्तीला जे खाली उतरवायचे होते ते इथे अर्धेच उतरले, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आम्ही मत दिले एका पंच उमेदवाराला, आणि सरपंच झाला तो भलताच. वर्षभरात तोही बदलला. लोकांनी थेट सरपंच निवडायची सोय नाही का? आणि ग्रामसभेत आमचा विषय 'वेळ संपली' म्हणून टाळला जातो, त्यावर इलाज काय? (बार्देश)

गोव्यात थेट सरपंच नाही. मतदार आपापल्या प्रभागाचा पंच निवडतात. पंचायत लोकसंख्येप्रमाणे ५, ७, ९ किंवा ११ जणांची, आणि पंच आपल्यातून सरपंच व उपसरपंच निवडतात. सात जणांच्या पंचायतीत एक पंच फिरला की बहुमत फिरते, म्हणून अविश्वास ठराव इतके होतात. ठराव संमत व्हायला हजर असलेल्यांचे बहुमत पुरत नाही, एकूण सदस्यसंख्येचे बहुमत लागते. यात मतदाराला मधे पडता येत नाही.

मतदाराच्या हातात आहे ती ग्रामसभा. पंचायतीच्या मतदार यादीत नाव असलेला प्रत्येकजण तिचा सदस्य. नेहमीच्या सभांखेरीज २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या दिवशी किंवा लगेच नंतर विशेष ग्रामसभा घ्यायच्या असतात. विषय तोंडी मांडायचा ठरवून गेलात तर तो शेवटच्या पाच मिनिटांत जाणार हे धरून चाला. सभेच्या नोटिशीची वाट न पाहता आधीच सचिवाकडे लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर पंचायतीचा शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. सभा सुरू होताच मागच्या इतिवृत्ताचे वाचन मागा. मागच्या सभेत संमत झालेला ठराव इतिवृत्तात मवाळ शब्दांत उतरलेला असतो किंवा गाळलेला असतो, आणि पुढच्या सभेत कोणी हरकत घेतली नाही की तोच कायम होतो. ठरावाचे शब्द सभेतच मोठ्याने वाचून घ्या, सूचक आणि अनुमोदक यांची नावे लिहून घ्या.

नंतर माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागा. पंचायतीत माहिती अधिकारी सचिव असतो आणि त्याला ३० दिवसांची मुदत आहे. उत्तर आले नाही किंवा अर्धवट आले तर पहिले अपील गटविकास अधिकाऱ्यांकडे, तेही पुढच्या ३० दिवसांत. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोग. 'सर्व माहिती द्यावी' असा अर्ज करू नका. अमुक तारखेच्या ग्रामसभेचे इतिवृत्त, अमुक कामाचे अंदाजपत्रक आणि बिल, असे नेमके मागा.

तुमच्या पत्रात बेकायदा बांधकाम आणि डोंगरकापणी या दोन तक्रारी एकाच अर्जात लिहिलेल्या दिसतात. त्या वेगळ्या करा. बांधकामाचा परवाना देणे आणि विनापरवाना बांधकाम थांबवणे पंचायतीकडे आहे. पंचायत हलली नाही तर पंचायत उपसंचालकांकडे जायचे. डोंगर कापणे किंवा सखल शेत भरणे हा नगर नियोजन कायद्याच्या कलम १७-अ चा विषय. त्याला मुख्य नगर नियोजकांची परवानगी लागते, आणि काम चालू असेल तर उपजिल्हाधिकाऱ्यांच्या भरारी पथकाला त्याच दिवशी कळवायचे. सर्व्हे क्रमांक, तारीख-वेळ दिसणारे फोटो आणि यंत्राचा क्रमांक सोबत द्या. अशी कामे शनिवारी संध्याकाळी सुरू होऊन सोमवारी संपलेली असतात, म्हणून शुक्रवारीच पथकाचा दूरध्वनी क्रमांक जिल्हाधिकारी कार्यालयातून घेऊन ठेवणे शहाणपणाचे.

आजोबांपासून भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) भाटात आमचे घर आहे. वीज, घरपट्टी आमच्या नावे. घर दुरुस्त करायला पंचायत जमीनमालकाची ना-हरकत मागते. घराची जागा आमच्या नावे होईल का? (केपे)

तुमचे घराणे मुंडकार ठरत असेल तर होईल. १९७५ च्या मुंडकार कायद्याने भाटकाराच्या संमतीने त्याच्या जमिनीत घर करून कायम राहणाऱ्याला संरक्षण दिले आहे आणि राहती जागा विकत घेण्याचा हक्कही दिला आहे. भाटकाराला घराचे भाडे देणारा, त्याच्याच घरात राहणारा नोकर किंवा राखणदार यांना तो लागू नाही. पंचायत क्षेत्रात घरासकट ३०० चौरस मीटर आणि पालिका क्षेत्रात २०० चौरस मीटर हे प्रमाण धरले जाते.

पहिला अर्ज कलम ८-अ खाली, मुंडकार असल्याचे जाहीर करून घेण्यासाठी, मामलेदाराकडे. मुंडकारांच्या नोंदवहीत आजोबांचे नाव आहे का ते आधी त्याच कचेरीत तपासा. असेल तर अर्धे काम झाले. नसेल तर जुन्या घरपट्टीच्या पावत्या, वीज जोडणीची तारीख, जुन्या मतदार याद्या, रेशनकार्ड, शाळेच्या दाखल्यावरचा पत्ता आणि एक-चौदाच्या इतर हक्कांत घराची नोंद, असा पुरावा वर्षांच्या क्रमाने लावा. सर्वांत जुना कागद सर्वांत मोलाचा. अर्ज सगळ्या भाटकारांवर करावा लागतो. भाटकार वारला असेल आणि त्याच्या वारसांची नावे घातली नाहीत तर मिळालेला आदेश अपिलात टिकत नाही.

मुंडकारपण ठरले की खरेदीचा अर्ज, मोजणी, किंमत ठरवणे, ती भरणे आणि खरेदीचा दाखला. पुष्कळ कुटुंबे हा दाखला पेटीत ठेवून थांबतात, आणि ही चूक फार महागात पडते. दाखला मिळाला तरी सर्व्हेत त्या ३०० चौरस मीटरचा वेगळा पोटविभाग पाडून एक-चौदावर नाव चढेपर्यंत उताऱ्यावर भाटकारच राहतो. त्याने पूर्ण भाट विकले तर नव्या मालकाशी पुन्हा तेच सिद्ध करत बसावे लागते. बँकही उतारा पाहिल्याशिवाय घरासाठी कर्ज देत नाही.

दुरुस्तीसाठी मुंडकाराला ना-हरकतीवर अडून राहायचे कारण नाही. मुंडकारपण जाहीर झाल्याचा आदेश पंचायतीला दाखवा, आणि भाटकार आडवा आला तर त्याच कायद्याखाली मामलेदाराकडे दाद मागा.

आमच्या फोंडा तालुक्यातल्या प्रियोळचे मतदान उत्तर गोव्याच्या खासदारासाठी, आणि तालुका दक्षिण गोवा जिल्ह्यात. यात कोणती नोंद चुकली आहे? (फोंडा तालुका)

कोणतीच नाही. गोव्याला ३० मे १९८७ रोजी राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा उत्तर आणि दक्षिण असे दोन जिल्हे झाले, आणि फोंडा उत्तरेत होता. जानेवारी २०१५ मध्ये तो तालुका दक्षिण गोवा जिल्ह्याला जोडला. लोकसभेचे मतदारसंघ मात्र परिसीमनाने (मतदारसंघांच्या हद्दी आखण्याच्या वेगळ्या प्रक्रियेने) ठरतात, तालुका हलला म्हणून ते हलत नाहीत. त्यामुळे प्रियोळ उत्तर गोवा लोकसभा मतदारसंघात राहिले. महसुली अपील, परवाने, दाखले यांसाठी जिल्हा पाहा. खासदार निधीच्या कामासाठी लोकसभा मतदारसंघ पाहा.

देवस्थानाच्या हिशेबाबद्दल महाजनांत (देवस्थानाच्या नोंदलेल्या सदस्यांत) वाद आहे. पंचायतीकडे तक्रार दिली तर 'आमचा अधिकार नाही' म्हणतात. मग अधिकार कोणाचा? आणि कोमुनिदादच्या (जुन्या गावसंस्थेच्या) जागेचा प्रश्नही तिथेच न्यायचा का? (सत्तरी)

महाजनी देवस्थानांचा प्रशासक तालुक्याचा मामलेदार असतो. पोर्तुगीज काळातले देवस्थान रेग्युलेशन अजून लागू आहे, आणि समितीची निवडणूक, अंदाजपत्रक, हिशेब हे सगळे त्याखाली येते. तक्रार करणाऱ्याचे नाव महाजनांच्या नोंदवहीत असले पाहिजे. अर्जासोबत तो उतारा, देवस्थानच्या कोंप्रोमिसातले (नियमावलीतले) ज्या कलमाचा भंग झाला ते कलम आणि कोणत्या वर्षाचा हिशेब ते लिहा.

कोमुनिदादचे काम मामलेदाराकडे नाही. तिच्यासाठी कोमुनिदाद प्रशासकांची वेगळी कार्यालये म्हापसा, पणजी आणि मडगाव इथे आहेत. अर्ज देण्यापूर्वी एक-चौदाच्या कब्जेदाराच्या रकान्यात कोमुनिदाद लिहिले आहे, देवस्थान की सरकार, ते पाहा आणि त्याप्रमाणे कचेरी निवडा.